सुतकाची भाकरी

आमच्या सांगलीतल्या गल्लीच्या तोंडाशी आता भाकरी विकत मिळतात. पाच-सहा बाया पत्र्याच्या शेडात गॅसवर भाकरी करत बसलेल्या असतात आणि कुपवाडच्या कारखान्यांतून सुटलेली माणसं गाडी बंद न करताच कागदात गुंडाळलेल्या चार भाकरी घेऊन पुढं जातात. माझी सून म्हणते, "आई, गुडघे धरून कशाला बसता चुलीपुढं, आणू की तिथून." मी आणू देत नाही. भाकरी वाईट असते असं नाही, चांगली पांढरीशुभ्र असते. पण दुसऱ्याच्या चुलीवरची भाकरी घरात आली की माझ्या छातीत अजून धस्स होतं. का होतं, ते सुनेला कधी सांगितलं नाही. आता सांगून टाकते. ते बघितलेलं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

माझं माहेर आष्ट्याकडचं. काळी जमीन, विहिरीला पाणी. सासर मिळालं ते औंधच्या पल्याड, माळरानावर. पावसानं नुसतं तोंड दाखवलं तरी तिथं लोक यमाईला नारळ फोडायचे. पीक म्हणजे एकच, जोंधळा, तोही रब्बीचा शाळू. माणसाला दाणा, बैलाला कडबा, लेकरांना हुरडा, सगळं त्याच्यातच. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांना नुसतं कणीस बघून सांगता यायचं, हा कुणाच्या रानातला शाळू. पिठात बोट घातलं की कळायचं, याला विरी किती. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापताना कडेनं फाटते, बाई कितीही हुशार असो. माझी पहिली भाकरी बघून त्या म्हणाल्या होत्या, "भाकर हाय व्हय ही? फाटकं पायताण हाय!" सगळ्या हसल्या. मीही हसले. तेव्हा हसायला येत होतं.

त्या गावात भाकरी एकट्या घराची नव्हतीच. लग्न निघालं की लग्नघरचा माणूस घरटी पायलीभर जोंधळा वाटायचा. ज्या त्या घरानं तो दळायचा. लग्नाच्या दिवशी देवळामागं लांब चर खणायचा, त्यावर ओळीनं तवे टाकायचे आणि गावच्या बायकांनी दोन्ही बाजूंना बसून भाकरी भाजायच्या. एक थापणार, एक तव्यावर टाकणार, एक आरावर शेकणार. ओव्या, चेष्टा, कुणाची सून कशी नि कुणाचा नवरा कसा, सगळं त्या चराच्या कडेला. तुमच्या दारात जोंधळा आला म्हणजे तुम्ही गावातल्या.

मयताला याच्या उलटं. त्या घरची चूल विझवायची. कुणी काही वाटायचं नाही, कुणी बोलवायचं नाही. प्रत्येक घरानं आपल्या कणगीतला दाणा काढून दोन-दोन भाकरी करायच्या आणि त्या घराच्या उंबऱ्याशी नेऊन द्यायच्या. ही सुतकाची भाकरी. घरच्यांनी ती खाल्ली की आपलं माणूस गेलं हे त्यांनी कबूल केलं, असं धरायचे. आणि एकदा उंबऱ्याशी ठेवलेली ती भाकरी कुणी माघारी नेत नसे, मग घरात पोरं उपाशी का असेनात.

बेचाळीसचा उन्हाळा. आमचे मालक पलटणीत. त्यात नवल काही नव्हतं, गावात घरटी एक जण पलटणीत होता. पण आमचे समुद्रापल्याड गेले होते. ते गेल्यावर मला मुलगी झाली, ती तेव्हा सहा महिन्यांची होती. त्यांनी तिला बघितलंही नव्हतं, फक्त पत्रातून कळलं होतं. एके दिवशी चावडीवर सरकारी कागद आला. आम्हा दोघींना बोलावणं आलं आणि शाळेच्या मास्तरांनी कागद वाचून दाखवला. पलटण जपान्यांच्या हाती लागली, तुमच्या माणसाचा पत्ता लागत नाही, चौकशी चालू आहे. मास्तर सरळ माणूस. त्यांनी दोनदा सांगितलं, "मेला असं लिहिलेलं नाही."

पण गावानं आपलं ठरवून टाकलं. जत्रेत चुकलेलं पोर आहे होय, आज ना उद्या सापडायला? तोफेपुढं पत्ता लागत नाही म्हणजे काय ते लोकांना कळत होतं. वाईट मनानं कुणी ठरवलं नाही, उलट जीव तुटला म्हणूनच घाई केली. आम्ही चावडीवरून गल्लीत शिरलो तर घराघरातून थापण्याचा आवाज यायला लागलेला. भरदुपारी. त्या वेळेला कुणाच्या घरी भाकरी होत नाही. मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले.

आत्याबाई बसल्या नाहीत. घरात गेल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि दारात उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं बायका आल्या, डोईवर पदर, हातात दुरड्या. सगळ्यांच्या पुढं त्यांची थोरली जाऊ. तिचं घर आमच्या भिंतीला लागून.

"घे बाई," थोरली म्हणाली. "पोरीच्या अंगावर लेकरू हाय. तिला तरी चार घास खाऊ देत."

आत्याबाईंनी चौकटीला आडवा हात लावला. "कुनाची भाकर आनलीया ही?"

"आगं, आता काय सांगायचं..."

"कुनाची, इचारते मी! मास्तर काय म्हनला ऐकलं न्हाईसा? माजा ल्योक जित्ता हाय. गावाला लय घाई झालीया व्हय त्याला गाडायची? उचला समदं!"

थोरलीचं तोंड उतरलं. "आसं बोलू नगंस. घराघरातनं दानं काढल्यात. हितं काय कुनाच्या कनग्या वतू चालल्यात?"

"म्हनूनच सांगते, न्या."

"परत न्हेत्यात व्हय ही भाकर?"

कुणी नेली नाही. उंबऱ्याशी दुरड्या ओतल्या, रिकाम्या दुरड्या उचलल्या आणि एकेक करून निघून गेल्या. साठेक भाकरी दारात पडल्या. आत्याबाईंनी त्या ओलांडून जळण आणलं आणि चूल पेटवली. दोन दिवस त्या भाकरी तिथं वाळत होत्या. कुत्र्यांनी नेल्या, कावळ्यांनी नेल्या. साठ भाकरी, आणि त्या साली गावात अर्ध्या पोटी निजणारी घरं किती होती ते मला माहीत होतं.

मला तेव्हा काय वाटलं ते खरं सांगते. मला सासूचा संताप आला. मला मोकळं बसून रडायचं होतं. बायकांनी माझ्याभोवती बसावं, मला धरावं, कुणीतरी म्हणावं की गेला बाई तुझा धनी, एवढं मला हवं होतं. म्हातारीनं तेही मिळू दिलं नाही. मी सतरा वर्षांची होते. नवरा मेला म्हणून रडायला बंदी, आणि आहे म्हणून हसावं तर तो कुठं दिसत होता?

तिथून पुढं तीन वर्षं मी मधल्या मधे लटकत राहिले. कपाळाला कुंकू होतं, पण हळदीकुंकवाला मला कुणी बोलवत नसे. भाऊ आष्ट्याहून न्यायला आला. गाडीत बसले असते तर विधवा होऊनच गेले असते. आत्याबाई त्याला म्हणाल्या, "तिला जायाचं आसंल तर जाऊ दे, मी आडवत न्हाई." आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी गेले नाही. का गेले नाही ते मला आजही धड सांगता येत नाही. म्हातारी म्हणत होती तो जिवंत आहे, आणि तसं म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस होतं.

गावानं आम्हाला वाळीत टाकलं असं कुणी म्हणू नये. पाणी भरू दिलं, देवळात येऊ दिलं. फक्त आमच्या दारात जोंधळा यायचा थांबला. ज्या घरानं गावाची भाकरी नाकारली त्या घराला भाकरी करायला कोण सांगणार? शेजारी थोरलीच्याच लेकीचं लग्न निघालं. वाटणारा गडी तिच्या घरातून निघाला, आमचं दार चुकवून पलीकडच्या दारात थांबला. आत्याबाई ओट्यावर निवडत बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही. लग्नाच्या दिवशी देवळामागून थापण्याचा आवाज येत होता आणि आम्ही दोघी दार लावून बसलो होतो.

जोंधळा आला नाही, तसे पेरायला हातही येईनात. आमच्या घरी बापईमाणूस नाही. आधी भावकीतले लोक आपल्याबरोबर आमचंही रान पेरून द्यायचे. आता "उद्या येतो" म्हणायचे आणि त्यांचं सगळं उरकल्यावर यायचे. तोवर ओल उडून गेलेली. उशिरा पेरलेला शाळू वीतभर वाढायचा आणि कणसात निम्मे पोचट. त्यातून सरकारची लेव्ही. लढाईसाठी धान्य म्हणून माणसं यायची आणि मोजून न्यायची. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, आमचे सगळेच महिने तेरावे.

आत्याबाई दोन भाकरी करायच्या. एक माझ्यापुढं ठेवायच्या, दुसरीतली निम्मी मुलीला, निम्मी दुसऱ्या दिवसाला. "तुमी?" म्हटलं की म्हणायच्या, "मगाशीच खाल्ली की." कधी खाल्ली? पीठ मीच मळून दिलेलं असायचं. मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. मी गप्प बसत होते, कारण मलाही भूक होती आणि माझी मुलगी मागत होती. आज वयाची ऐशी वर्षं ओलांडल्यावर हे सांगताना माझी मलाच लाज वाटते.

पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात कणगी पार रिकामी झाली, आणि रेशनवर मका आला. मका आम्हाला ठाऊक होता तो बांधावर चार ताटं लावून कणीस भाजून खाण्यापुरता. हा कुठल्या बोटीतून आला होता देव जाणे. कुबट, किडका, भोकं पडलेला. जात्यात घातला तर जातं फिरेना. पिठाला विरी म्हणून नाही. आत्याबाईंसारखी बाई, पण त्यांच्या हाताखाली भाकरीचे तीन तुकडे व्हायचे. त्या तेच तुकडे भाजून मुलीला भरवायच्या आणि म्हणायच्या, "खा माजे बाय, तुजा बा आला की शाळूची करू." मुलगी आता साडेतीन वर्षांची, बोलायला शिकलेली. ती म्हणायची, "शाळूची नको, मऊ पायजे." मऊ म्हणजेच शाळूची, एवढं तिला कुठं कळत होतं!

पावसाळ्याच्या तोंडाला तिला जुलाब लागले. त्या मक्यानंच लागले, मी दुसरं काही मानत नाही. वैद्य झाला, अंगारा झाला. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. माझ्या मांडीवर. हलकी झाली होती इतकी की जीव गेल्यावर वजनात काही फरक पडला नाही. भावकीतल्या चौघांनी येऊन तिला ओढ्याकाठी पुरलं. ते आले, त्यांनी काम केलं, हात धुतले आणि गेले.

आत्याबाईंनी चूल विझवली. आम्ही दोघी समोरासमोर बसलो. दुपार झाली. कुणी आलं नाही. ऊन कलंडलं तरी कुणी आलं नाही. आमच्या घरात सुतक होतं, खरंखुरं, आणि चूल पेटवता येत नव्हती. पेटवली असती तरी तिच्यावर ठेवायला काही नव्हतं. मी मनात गावाला शिव्या दिल्या. म्हटलं, एवढा राग? लेकराच्या मरणावर काढायचा? आत्याबाई भिंतीकडं बघत होत्या. मग त्या उठल्या. भिंतीला धरून उठल्या, कारण उभं राहताना झोकांडी गेली. पदर डोक्यावर घेतला आणि थोरलीच्या दारात गेल्या. मी मागोमाग गेले, मला वाटलं पडतील.

थोरली दारातच बसली होती. आत्याबाईंनी पदर पुढं पसरला. म्हणाल्या, "माज्या घरची चूल बंद हाय. भाकर दे."

थोरलीनं उठून आतून दुरडी आणली. फडक्यानं झाकलेली. भाकरी सकाळीच भाजलेल्या होत्या, गार झालेल्या. "सकाळपास्नं करून ठिवल्यात," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "पन तुज्या दारात यायाचं धाडस हुईना गं. पुन्यांदा न्हाई म्हनलीस तर? आमी ठेवायच्या कुठं?"

सगळ्या गल्लीत तसंच. प्रत्येक घरात सकाळपासून भाकरी करून, झाकून, बायका बसून होत्या. पहिल्यानं कुणी जायचं यावर अडलं होतं. थोरलीचं रडणं ऐकलं आणि एकेक दार उघडलं. दिवस मावळायच्या आत आमच्या ओट्यावर भाकरीची चळत लागली. शाळूच्या. स्वतः मका खाणाऱ्या घरांनी शेवटचे दाणे काढून केलेल्या.

थोरलीनं आम्हा दोघींना बसवलं आणि भाकरी मोडून हातात दिली. आत्याबाईंनी ती खाल्ली. नातीच्या नावाची. सगळ्या बायका बघत होत्या. मग त्यांनी चळतीकडं हात नेला, थांबल्या, आणि दुसरी भाकरी उचलली. म्हणाल्या, "ही त्याची."

तीन वर्षं जी बाई गावाशी भांडली, तिनं आज लेक गेला हे कबूल केलं होतं. ती भाकरी त्यांनी सबंध खाल्ली, कोर न् कोर. थोरली त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुणी न सांगता कपाळ पुसलं. त्या महिन्यात गावात लग्न होतं, आणि आमच्या दारात पायलीभर जोंधळा आला.

पाच-सहा महिन्यांनी, शाळू निसवायच्या, कणसं बाहेर पडायच्या दिवसांत, एक माणूस रहिमतपूरच्या स्टेशनावर उतरून चालत आला. मी अंगण झाडत होते. नुसता सापळा, अंगावर ढगळ खाकी. मी ओळखलं नाही. त्यानं माझ्या कपाळाकडं बघितलं आणि तो जागीच उभा राहिला. मग म्हणाला, "पुसलंस व्हय गं?" आवाजावरून कळलं. आनंद झाला का? झाला. पण आधी भीती वाटली. मेलेल्या माणसाला बघून वाटते तशी. आणि लगेच त्यांनी विचारलं, "पोरगी कुठाय?"

ते सगळं सांगून झालं. गाव लोटलं, मास्तर आले, थोरलीनं ओवाळलं. आत्याबाई मात्र चुलीच्या कोपऱ्यातून हलल्या नाहीत. लेक पाया पडला तर पाय आखडून घेतले. पैज जिंकली होती म्हातारीनं, साऱ्या गावाशी, आणि तोंड मात्र हरल्यागत. आठ दिवस गेले. त्या लेकाला वाढत नव्हत्या, त्याच्यासमोर जेवत नव्हत्या, त्याच्याकडं बघत नव्हत्या.

नवव्या दिवशी दुपारी मालकांना राहवलं नाही. मला म्हणाले, "आय बोलत का न्हाई माज्यासंगं?" मी खरं ते सांगितलं. म्हटलं, तुमच्या नावाची भाकरी खाल्ली आहे त्यांनी, त्याचं त्यांना लागून राहिलंय. ते हसले. कितीतरी वर्षांनी घरात कुणी हसलं. ताटातला तुकडा घेऊन ते आईजवळ जाऊन बसले. "आगं आय, गावानं पत्र आल्याबरूबर मारलं मला. तू तीन वर्सं दम धरलास. शेवटी तूबी मानूसच. खाल्लीस तर खाल्लीस, दुखानं खाल्लीस. भाकरीनं कोन मरतंय व्हय? घे, तोंड उघड."

आत्याबाईंनी तोंड उघडलं नाही. तोंडासमोरचा लेकाचा हात बाजूला केला. आठ दिवसांत पहिल्यांदा त्या लेकाकडं बघून बोलल्या.

"पोरीची खाल्ली ती दुखानं खाल्ली," त्या म्हणाल्या. "तुजी दुखानं न्हाई रं खाल्ली. मला म्हाईत हुतं तू जित्ता हायस. मला भूक लागली हुती. आनिक एक मागायची लाज वाटली, म्हनून तुजं नाव घेतलं."